जोडचित्राची भूमिती



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहीजण थोडे बुचकळ्यात पडले असतील. वसंत व्याख्यानमालेत वेदान्त चालतो, शेतीचे अर्थकारण चालते, रंगभूमीचा इतिहास तर हमखास चालतो. परंतु चित्रपटातील चित्रे संगणकावर सरकवतात कशी, फिरवतात कशी आणि लहानमोठी करतात कशी, हा काय चारचौघांनी संध्याकाळ खर्चून ऐकण्याचा विषय झाला? शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर आरंभीच देतो. आज आपणा प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर दिवसाकाठी पाच-पंचवीस चित्रे येऊन पडतात. त्यांतली खरी कोणती आणि जोडलेली कोणती, हे पारखण्याची पाळी पूर्वी एखाद्या संपादकावर किंवा न्यायाधीशावर येत असे. आता ती घरोघरी आली आहे. आणि चित्रे जोडण्याच्या विद्येतला पहिला धडा असा आहे, की कोणतेही चित्र फुकट हलत नाही. हलवले की किंमत द्यावी लागते. ती किंमत कोणती, कारागीर ती कमीत कमी कशी देतो, आणि दिल्यानंतर मागे काय उरते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. पडद्यावर आपण जे एक चित्र म्हणून पाहतो, ते पुष्कळदा एक नसते. नट हिरव्या पडद्यापुढे उभा राहिलेला असतो, मागचा डोंगर दुसऱ्या गावी टिपलेला असतो आणि आकाशातले ढग तिसऱ्याच दिवसाचे असतात. ही सारी चित्रे सांधा दिसणार नाही अशा बेताने एकावर एक बसवणे, याला चित्रसंयोजन म्हणावे. धंद्यात मात्र कंपोझिटिंग हाच शब्द रूढ आहे. तुकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले, तेव्हा कुणाला थोडे डावीकडे सरकवावे लागते, कुणाला वळवावे लागते, कुणाला लहान करावे लागते. या सरकवण्या-वळवण्याला तेथे ट्रान्सफॉर्म असे नाव आहे. काम दिसायला अगदी क्षुल्लक. परंतु घराचा दरवाजा बसवताना सुताराचे अर्धे सूत चुकले तर तो जन्मभर कुरकुरतो, तशीच गत येथेही आहे.

ही विद्या संगणकाबरोबर जन्मली, अशी कुणाची समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस नावाचा एक जादूगार होता. पॅरिसमध्ये त्याचे जादूच्या खेळांचे नाटकगृह होते. पुढे तो चित्रपटांकडे वळला. १९०१ च्या सुमारास त्याने रबरी डोक्याच्या माणसाचा एक छोटा चित्रपट काढला. त्यात एक शास्त्रज्ञ टेबलावर आपलेच एक जिवंत डोके ठेवतो आणि भात्याने त्यात हवा भरतो. डोके फुगत फुगत टेबलाएवढे होते आणि शेवटी फुटते. आता डोके मोठे करायचे कसे? तेव्हा चित्र मोठे करणारे यंत्र हाताशी नव्हते. मेलिएसने काळ्या पार्श्वभूमीपुढे स्वतःला एका लहान गाड्यावर बसवून घेतले आणि तो गाडा उतरणीच्या फळीवरून कॅमेऱ्याकडे ओढवला. माणूस जवळ आला की मोठा दिसतो, एवढीच युक्ती. पण फळी सपाट न ठेवता उतरती का ठेवली, यात खरी गंमत आहे. सपाट जमिनीवरून पुढे आला असता तर डोके मोठे होता होता मानेचा भाग टेबलाच्या रेषेपासून ढळला असता. उतार असा बेतला, की मान टेबलाला चिकटूनच राहावी आणि वाढ सगळी वरच्या बाजूला व्हावी. आजच्या भाषेत बोलायचे तर त्याने चित्राचा स्थिरबिंदू मानेच्या मुळाशी ठेवून आकार वाढवला. संगणकावर आज दोन आकडे भरून जे होते, ते त्या गृहस्थाने गाडा आणि फळी घेऊन केले होते.

आपल्याकडेही चित्रपटाचा आद्य पुरुष जादूचे प्रयोग करणाराच निघावा, हा योगायोग मजेदार आहे. दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रण आणि छपाई यांबरोबरच जादूचे खेळही आत्मसात केले होते. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपून पडद्यावर आणली. दिवसांचे अंतर क्षणांत आणले. १९१९ च्या त्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिचा चेहरा आधी आपल्यापुढे येतो आणि पाहता पाहता त्या मुलीचा बाळकृष्ण होतो. एका चित्रातून दुसरे चित्र असे उमलवायचे, तर दोन्ही चित्रांत चेहरा त्याच जागी आणि त्याच मापाचा असावा लागतो. जुळवणी आधी, चमत्कार नंतर, हा नियम त्यांनाही चुकला नाही.

पुढे ऑप्टिकल प्रिंटर नावाचे यंत्र आले. एका बाजूला प्रक्षेपक, समोर कॅमेरा, आणि मध्ये भिंगे. पूर्वी टिपलेली फिल्म त्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपायची. कॅमेरा जवळ नेला की चित्र मोठे, बाजूला सरकवला की चित्र सरकलेले. हॉलिवूडमध्ये लिनवुड डन यांच्यासारख्या तंत्रज्ञांनी या यंत्राची मोठी साधना केली. १९४१ च्या ‘सिटिझन केन’मधील कित्येक दृश्ये या यंत्रातून गेलेली आहेत. परंतु या यंत्राचे एक दुखणे होते. प्रत्येक वेळी पुन्हा टिपले की फिल्मचा दाणा वाढे, बारकावे पुसट होत आणि काळ्यापांढऱ्यातला फरक भडक होई. नकलेची नक्कल काढली की असे व्हायचेच. म्हणून १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाची चमत्कृतिदृश्ये करताना तेथील कारागिरांनी पन्नासच्या दशकातील व्हिस्टाव्हिजन पद्धतीचे कॅमेरे पुन्हा बाहेर काढले. या पद्धतीत फिल्म आडवी धावते आणि एकेका चित्राला नेहमीच्या दुपटीहून अधिक जागा मिळते. झीज होणारच, तर निदान मुळातले भांडवल मोठे असू द्या, हा त्यातला हिशेब.

मग संगणक आला, आणि लोकांना वाटले की हे दुखणे आता कायमचे गेले. अर्धे गेले हे खरे. संगणकात चित्र म्हणजे आकड्यांचा एक भलामोठा तक्ता. त्यातल्या एकेका घराला पिक्सेल म्हणतात. दूरदर्शन संचाच्या फुल एचडी मापाचे चित्र घ्या: आडवी १९२० घरे, उभी १०८० घरे, म्हणजे एकूण २०,७३,६०० घरे. प्रत्येक घरात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन आकडे. शिवाय संयोजनाच्या कामात बहुधा चौथाही एक आकडा असतो, त्याला अल्फा म्हणतात; या ठिकाणी चित्र किती झाकते आणि किती पारदर्शक आहे, हे तो सांगतो. थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली एका निबंधात या चौथ्या आकड्याच्या आधारे चित्रावर चित्र ठेवण्याचे अंकगणित व्यवस्थित मांडले, आणि आजही धंदा त्याच हिशेबावर चालतो. चित्रपटात अशी चोवीस चित्रे दर सेकंदाला लागतात. या आकड्यांची नक्कल कितीही वेळा केली तरी हुबेहूब उतरते. शंभरावी प्रत पहिल्यासारखीच. नकलेतली झीज थांबली ती अशी. परंतु हलवण्यातली झीज थांबली नाही. ती का थांबली नाही, हेच समजून घ्यायचे आहे.

एक साधा तक्ता मनात आणा. काळी घरे म्हणजे शून्य, पांढरी म्हणजे शंभर, आणि ओळीने एक काळे, एक पांढरे, एक काळे, एक पांढरे अशा बारीक उभ्या रेघा आहेत. हे चित्र बरोबर एक घर उजवीकडे सरकवले तर काही बिघडत नाही. आकडे शेजारच्या घरात गेले, इतकेच. पण आता अर्धेच घर सरकवा. अर्धे घर नावाची वस्तू तक्त्यात नाही. प्रत्येक नव्या घरावर अर्धे काळे आणि अर्धे पांढरे येऊन पडते. मग काय करणार? दोन्ही शेजाऱ्यांची सरासरी घ्यायची: शून्य आणि शंभर यांची सरासरी पन्नास. पुढच्या घरात पन्नास, त्याच्या पुढेही पन्नास. रेघा गेल्या, सगळीकडे एकसारखा करडा रंग पसरला! बरे, चूक झाली म्हणून चित्र अर्धे घर मागे सरकवा. पन्नास आणि पन्नास यांची सरासरी पुन्हा पन्नासच. गेलेल्या रेघा परत येत नाहीत. प्रत्यक्षातली चित्रे इतकी टोकाची नसतात, पण डोळ्याच्या पापण्या, साडीची वीण, झाडाची पालवी, यांचे असेच होते. फक्त थोडे थोडे होते, म्हणून चटकन ध्यानात येत नाही.

चित्र वळवायचे किंवा लहान करायचे म्हटले, की जवळजवळ प्रत्येक घराला असे अर्धेमुर्धे स्थान येते. तेव्हा यंत्र काय करते? जुन्या चित्रातला प्रत्येक ठिपका उचलून नव्या जागी टाकावा, असे आपल्याला वाटेल. पण तसे केले तर काही घरांत दोन-दोन ठिपके पडतील आणि काही घरे रिकामी राहतील. फोकून पेरले की बी कुठे दाट पडते, कुठे जमीन उघडी राहते, तसे. म्हणून यंत्र टोकण पद्धतीने चालते. ते नव्या चित्रातल्या प्रत्येक रिकाम्या घरापाशी जाऊन विचारते, की बाबा रे, जुन्या चित्रातल्या कोणत्या जागेवरून तुझे बी आणायचे? ती जागा चार घरांच्या मध्ये कुठेतरी निघते. मग आसपासच्या घरांचे आकडे ठराविक प्रमाणात मिसळून तेथला रंग ठरवतात. मिसळण्याच्या या प्रमाणाला फिल्टर म्हणतात.

फिल्टर कोणता निवडावा, यात कारागिराची पारख दिसते. फक्त जवळच्या शेजाऱ्यांची सरासरी घेतली तर चित्र धूसर होते. थोड्या दूरच्या घरांना उणे वजन देऊन चित्र तिखट करता येते. पण फार तिखट केले की गडद कडेला लागून एक खोटी उजळ रेघ उमटते. शिवाय काही फिल्टरांत ठिपक्यांची चौकोनी घडण उघडी पडते. धूसरपणा, खोटी कडा आणि चौकोनीपणा, अशी ही तीन संकटे. एकापासून पळावे तो दुसरे पुढे उभे. १९८८ साली डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावळी या दोघांनी यावर एक निबंध प्रसिद्ध केला. नेत्रावळी हे मुंबईच्या आय.आय.टी.चे १९६७ सालचे पदवीधर. पुढे अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे अध्यक्ष झाले, आणि २००१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. या दोघांनी केवळ समीकरणावर निकाल सोपवला नाही. फिल्टरचे दोन आकडे बदलत बदलत चित्रे तयार केली, ती चित्र पाहण्यात मुरलेल्या माणसांपुढे ठेवली, आणि कोणते चित्र धूसर, कोणते खोट्या कडांचे, कोणते समाधानकारक, ते त्यांना विचारले. त्यातून जो मध्यम मार्ग त्यांनी सुचवला त्यात ते दोन्ही आकडे एक-तृतीयांश आहेत. आज ट्रान्सफॉर्मची खिडकी उघडली की फिल्टरांच्या यादीत मिचेल हे नाव दिसते. नेत्रावळींचे नाव यादीत मावले नाही, पण त्या निबंधावर ते आहे. गणिताने वाट दाखवावी आणि शेवटी माणसाच्या डोळ्याने कौल द्यावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता प्रत्यक्ष अवजाराकडे येऊ. मोठ्या चित्रपटांच्या कामात न्यूक नावाची प्रणाली सर्वत्र वापरतात. १९९३ साली अमेरिकेतील डिजिटल डोमेन या संस्थेत ती स्वतःच्या वापरासाठी घडवली गेली, आणि २००७ पासून लंडनची फाउंड्री ही कंपनी ती सांभाळते. घरी शिकू पाहणाऱ्याला ब्लेंडर ही प्रणाली फुकट मिळते आणि तिच्यातही हे अवजार आहे. न्यूकमध्ये चित्र पाटाच्या पाण्यासारखे वरून खाली वाहते. वाटेत लहान लहान चौकटी असतात, त्यांना नोड म्हणतात. एक नोड चित्र सरकवतो, दुसरा रंग बदलतो, तिसरा धूसर करतो. मूळ चित्राच्या फाइलला कोणीही हात लावत नाही. कोणत्या क्रमाने काय करायचे याची कृती तेवढी लिहिलेली राहते, आणि कधीही मागे जाऊन ती बदलता येते.

ट्रान्सफॉर्मच्या नोडमध्ये मुख्य गोष्टी चार: किती सरकवायचे, किती अंश वळवायचे, किती पट करायचे, आणि कोणत्या बिंदूभोवती. हा चौथा प्रश्न नवशिका विसरतो. जाते खुंट्याभोवती फिरते, दार बिजागरीभोवती फिरते. दोन्ही फिरतातच, पण दोन्हींचे फिरणे एक नव्हे. मान वळवायची असताना स्थिरबिंदू बेंबीपाशी राहिला तर मान वळत नाही, सबंध डोके खांद्यावरून बाजूला सटकते. मेलिएसच्या उतरत्या फळीचे मर्म हेच होते.

दुसरी गोष्ट क्रमाची. मंडपाच्या दाराशी उभे राहून दहा पावले सरळ चाला, मग उजवीकडे वळून दहा पावले चाला. आता पुन्हा दाराशी या, आधी उजवीकडे वळून वीस पावले चाला. पावले तितकीच, वळण तेच, पण आपण भलत्याच जागी पोचलात. सरकवणे आणि वळवणे यांचा क्रम बदलला की चित्रही असेच भलतीकडे जाते. क्रमासहित ही सारी हालचाल नऊ आकड्यांच्या एका चौकोनी तक्त्यात बसवता येते. गणिती त्याला मॅट्रिक्स म्हणतात. आणि दोन हालचालींचे दोन तक्ते एकमेकांशी गुणले की दोन्ही हालचाली मिळून होणाऱ्या एकाच हालचालीचा तक्ता तयार होतो. सगळ्या व्याख्यानाची किल्ली या वाक्यात आहे, म्हणून ते उदाहरणाने उघडून दाखवतो.

समजा, गिरगावातल्या एका गल्लीत १९४० सालचा प्रसंग चित्रित केला आहे आणि एका दुकानावर आजची पाटी तशीच राहिली आहे. तिच्या जागी जुन्या वळणाची पाटी बसवायची आहे. कॅमेरा हातात धरलेला, म्हणजे चित्र थोडे हलते आहे. प्रथम पाटीच्या खुणेचा माग काढावा लागतो. याला ट्रॅकिंग म्हणतात. एक खूण धरली तर ती किती सरकली ते कळते. दोन खुणा धरल्या तर वळणे आणि जवळ-दूर होणेही कळते. पण पाटी तिरकस दिसते आहे, तिची जवळची बाजू मोठी आणि दूरची लहान आहे. तेव्हा चारही कोपरे धरावे लागतात. चार कोपरे, प्रत्येकाचे दोन आकडे, मिळून आठ आकड्यांत सपाट पाटीचे सारे दृश्यरूप सापडते. या अवजाराला कॉर्नर पिन म्हणतात. गावातल्या पोराने पतंगाचा कागद चार टोकांना ताणावा तसे.

आता कारागिराने नवी पाटी आणली. ती फार मोठी होती म्हणून दहावा हिस्सा केली. मग रंग जुना दिसावा म्हणून रंग बदलला. मग ध्यानात आले, की पुढच्या दृश्यात कॅमेरा दुकानाजवळ जातो, तेव्हा पाटी पुन्हा दहापट केली. हिशेबाने आकार मूळ पदावर आला. पण चित्र आले का? आले नाही. हजार घरे रुंद आणि हजार घरे उंच असे दहा लाख घरांचे चित्र आपण शंभर बाय शंभर, म्हणजे दहा हजार घरांत कोंबले. त्यावर रंगाचे काम केले म्हणून यंत्राला ते तसे प्रत्यक्ष तयार करणे भाग पडले. आणि मग तेवढ्याच दहा हजार घरांतून पुन्हा दहा लाख घरे भरली. अक्षरे विरघळली.

हेच दोन ट्रान्सफॉर्म मध्ये रंगाचा नोड न घालता लागोपाठ ठेवले असते, तर यंत्राने चित्राला हातच लावला नसता. त्याने आधी दोन्ही हालचालींचे तक्ते गुणले असते, दहावा हिस्सा गुणिले दहा म्हणजे एक असे उत्तर काढले असते, आणि मग एकदाच मूळ चित्राकडे जाऊन ते जसेच्या तसे आणून दिले असते. लागोपाठच्या हालचाली अशा एकत्र करण्याला तेथे कॉन्कॅटिनेशन म्हणतात. शब्द अवजड आहे, पण अर्थ प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. दोन रुपये चाळीस पैशांचे शंभर नग विकले आणि प्रत्येक नगामागे वरचे चाळीस पैसे सोडून दिले, तर गल्ल्यात दोनशे रुपये येतात. शेवटी एकदाच बेरीज केली तर दोनशे चाळीस येतात. पायरीपायरीला सूट द्यायची नाही. सगळा हिशेब आकड्यांत पुरा करायचा आणि चित्राला हात एकदाच लावायचा. म्हणून शहाणा कारागीर रंगाचे काम हालचालींच्या साखळीच्या आधी किंवा नंतर ठेवतो, साखळीच्या मध्ये ठेवत नाही.

पाटी जागी बसली तरी एक गोष्ट उरते. कॅमेरा हलताना मूळ चित्र किंचित पुसट होते, कारण चोवीस चित्रांच्या गतीत नेहमीच्या शटरने एकेक चित्र सुमारे १/४८ सेकंद प्रकाश घेत असते आणि तेवढ्यात वस्तू सरकलेली असते. नव्या पाटीला ही पुसटता दिली नाही, तर ती स्पष्ट असूनही खोटी दिसते. किंबहुना स्पष्ट आहे म्हणूनच खोटी दिसते. येथे कारागीर जाणूनबुजून झीज पत्करतो. झीज कधी टाळायची आणि कधी मागून घ्यायची, हे कळू लागले की उमेदवारी संपली म्हणावे.

श्रोतेहो, हे सारे इतक्या जपून करायचे ते कशासाठी? कुणाच्या ध्यानात येऊ नये यासाठी! गवयाची तान दाद घेऊन जाते. याची उत्तम कामगिरी म्हणजे कुणीही दाद न देणे. आपल्या देशात मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई, बंगळूर येथे हजारो तरुण-तरुणी देशोदेशींच्या चित्रपटांसाठी हे काम करतात. चित्रपट संपल्यावर नावांची लांबलचक यादी वर सरकू लागते आणि आपण चपला शोधू लागतो, त्या यादीत ही नावे असतात. पुष्कळदा तेथेही नसतात. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटातील वाघ आपण पाहिला असेल. त्याची दृश्ये घडवणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या संस्थेच्या शाखा मुंबईत आणि हैदराबादलाही होत्या. २०१३ च्या फेब्रुवारीत ही संस्था दिवाळखोरीत गेली, आणि त्याच महिन्यात त्या चित्रपटाच्या दृश्यचमत्कृतीला ऑस्कर मिळाले. न दिसणाऱ्या कामाचे मोल ठरवणे जगाला अजून साधलेले नाही, एवढाच निष्कर्ष मी यातून काढतो. पुढच्या वेळी ती यादी सरकू लागली की दोन मिनिटे बसून राहावे, ही माझी आपणांस विनंती आहे.

आता आरंभी केलेल्या प्रतिज्ञेकडे वळतो. किंमत दिल्यानंतर मागे काय उरते? मागे खूण उरते. दहा आणि वीस अशी शेजारशेजारची दोन घरे आहेत. चित्र दुप्पट केले की मध्ये एक नवे घर येते आणि साध्या सरासरीने त्यात पंधरा हा आकडा पडतो. पुढेही तसेच: एक घर मूळचे, एक शेजाऱ्यांच्या सरासरीचे, पुन्हा एक मूळचे, पुन्हा एक सरासरीचे. म्हणजे लहानमोठ्या केलेल्या तुकड्यात आकड्यांची एक ठराविक लय तयार होते. डोळ्याला ती दिसत नाही, पण गणिताला ऐकू येते. अलिन पोपेस्कू आणि हानी फरीद या अमेरिकेतील दोन संशोधकांनी २००५ साली नेमके हेच दाखवून दिले: एका चित्रात दुसऱ्या चित्रातला माणूस मापाने लहानमोठा करून किंवा वळवून बसवला असेल, तर त्या तुकड्यातली लय भोवतालच्या चित्राहून निराळी निघते आणि जोड पकडता येतो. ज्या झिजेच्या नावाने कारागीर बोटे मोडतो, तीच झीज सत्याच्या बाजूने साक्ष द्यायला उभी राहते!

परंतु या साक्षीदारावर सर्व भार टाकून निश्चिंत होऊ नये. फोनवरून चित्र एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा ते पुष्कळदा दाबून लहान केले जाते आणि ही नाजूक लय त्यात बहुधा चिरडून जाते. शिवाय आता यंत्रे संपूर्ण चित्रच नव्याने रचून देतात. त्यात जोडच नसतो, तर जोडाची खूण कोठून मिळणार? म्हणून अखेर आपल्या हाती उरतो तो जुना, साधा प्रश्न: मूळ प्रत कुठे आहे? चित्र कुणी टिपले, कधी टिपले, आणि ते पहिल्याने कुणाच्या हातून बाहेर पडले? चित्रसंयोजक सुद्धा दिवसभर हाच प्रश्न विचारत असतो. दहा हालचाली कराव्या लागल्या तरी तो प्रत्येक वेळी मूळ चित्राकडे परत जातो. नकलेवर नक्कल रचत नाही. पुढे पाठवलेल्या चित्रावर मत बनवण्यापूर्वी आपणही एवढे केले तर पुष्कळ अनर्थ टळतील.

चित्रपट खोटी चित्रे दाखवतो आणि अफवा पसरवणाराही खोटी चित्रे दाखवतो, अवजारेही दोघांची तीच. मग भेद तो काय? माझ्या मते भेद कृतीच्या कागदात आहे. चित्रसंयोजकाच्या कामात मूळ चित्र शाबूत असते आणि त्यावर काय काय केले याची एकेक पायरी नोडांच्या रूपाने लिहिलेली असते. शिवाय प्रेक्षक तिकीट काढून, हा खेळ आहे हे जाणून येतो. अफवेचा कारागीर मूळ चित्र दडवतो आणि कृतीचा कागद फाडून टाकतो. कला आणि फसवणूक यांची सीमारेषा अवजारात शोधू नये, या कागदात शोधावी.

विषय रूक्ष होता. आकडे थोडे जास्तच झाले. पण ते टाळून हा विषय सांगता येत नाही.